भरलेले शिंग खाली ठेवता येत नाही

मित्रांनो, मी शिंग आहे आणि जुने आहे, एवढे तरी नक्की. माझ्या तोंडाला चांदीची पट्टी आहे, टोकाला पितळेचा छोटा पक्षी आहे, आणि मधे एक बारीक चीर गेली आहे. तिच्यातून आता मधाची दारू झिरपते, म्हणून मला खुंटीवर टांगून ठेवले आहे. पुढे जे सांगणार आहे ते सगळे मी जवळून पाहिले आहे. पण पाहिले म्हणजे कळले असे नाही. माणसे अशी का वागतात, हा प्रश्न मी स्वतःला इतका विचारला आहे की आता त्या प्रश्नाचीच मला सवय झाली आहे. तुम्ही माणसांची मुले आहात, तुम्हाला कदाचित माझ्याआधी उलगडेल.

सर्वात आधी मी एका रानबैलाच्या डोक्यावर होते. तिथले फारसे आठवत नाही. चिखल आठवतो, आणि झाडाच्या सालीवर अंग घासून घेण्याचे सुख आठवते. मग मी एका व्यापाऱ्याच्या गाठोड्यात होते आणि गाठोडे जहाजात होते. बैलाचे पुढे काय झाले हे मला कोणीच सांगितले नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

त्या गाठोड्यातून मी डुड्डा नावाच्या सोनाराकडे पोचले. त्याने मला उकळले, आतून खरवडले, राख आणि चरबी लावून इतके घासले की माझ्यात त्याच्या घरातली आगटी दिसू लागली. चांदीची पट्टी बसवायला त्याला बरेच दिवस लागले. त्याची बायको वेन्ना रोज येऊन माझ्याकडे संशयाने बघायची.

"याला बूड कुठाय?" एक दिवस तिने विचारले. "हे ठेवायचं कसं?"

"ठेवायचंच नाही. म्हणून तर शिंग करतात."

"म्हणजे?"

"म्हणजे भरलेलं शिंग हातात आलं की दोनच गोष्टी. प्यायचं, नाहीतर दुसऱ्याच्या हातात द्यायचं. खाली ठेवलं की सांडलं, आणि सांडलं की भर दरबारात नाक कापलं गेलं."

"एवढी उठाठेव कशाला?" वेन्ना म्हणाली. "वाडग्यात ओतून प्यायला काय होतं या लोकांना?"

तिचे म्हणणे मला तेव्हा अगदी पटले. अजूनही अधूनमधून पटते.

डुड्डाकडून मला राजाच्या माणसांनी नेले आणि हेरविनच्या सामानात बांधले. हेरविन म्हणजे त्या राजाची धाकटी मुलगी. चौदा-पंधरा वर्षांची असेल, थंडीने बोटे सुजलेली, नाक सतत लाल. तिला दक्षिणेकडच्या ओस्मोड राजाला द्यायचे ठरले होते. तिच्या वडिलांचे आणि ओस्मोडचे दलदलीच्या कुरणांवरून पिढ्यान्‌पिढ्या वैर होते, आणि तिला दिले की ते मिटणार होते. सगळे म्हणत होते, ही पोर तिकडे जाऊन शांतता विणणार आहे. मी तिच्या सामानात माग शोधला. माग होता, पण त्याच्यावर लोकरीचेच कापड निघत असे.

वाटेत बैलगाडीत तिच्याबरोबर तिची दाई इब्बा होती. तोंडाने फटकळ, पण हेरविनचे पाय स्वतःच्या पोटाशी धरून उबेला ठेवणारी.

"इब्बे," हेरविनने विचारले, "मला तिकडे जायचंय का, असं कुणी विचारलं होतं का गं? मला आठवत नाही."

"राजाच्या पोरीला विचारत नाहीत, बाळे. गाय देताना गाईला विचारतात का?"

"गाय निदान ओरडते."

"मग ओरड की. इथे रानात कोण ऐकायला बसलंय?"

आणि मित्रांनो, ती खरोखरच ओरडली. एवढ्या मोठ्याने की पुढचे घोडे बिचकले आणि सैनिक तलवारी उपसून धावत आले. मग त्या दोघी हसत सुटल्या, आणि हसता हसता हेरविन रडायला लागली. नेमके कुठे हसणे संपले आणि रडणे सुरू झाले ते मला सांगता येणार नाही. सैनिकांनाही कळले नसावे. ते तलवारी म्यान करून निमूट निघून गेले.

ओस्मोडच्या दरबारात माझे काम सुरू झाले. लांबलचक लाकडी दिवाणखाना, मधे आगटी, दोन्ही बाजूंना बाकांवर बसलेले सरदार. संध्याकाळी हेरविन मला काठोकाठ भरून आत आणायची. आधी राजाला, मग मानाप्रमाणे एकेकाला. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी मला फिरवायचे नाही. कोणाला आधी द्यायचे, कोणाशी दोन शब्द बोलायचे, कोणाकडे नुसते हसून पाहायचे, हे सगळे तिच्याकडे. मला वाटायचे, तहान सगळ्यांना सारखीच लागते, मग जो दाराजवळ बसला आहे त्याच्यापासून सुरुवात करावी. पण तसे नव्हते.

सुरुवातीला तिची एक चूक झाली. एक डोळा गेलेला एक म्हातारा सरदार त्या दिवशी खांबाआड, अंधारात बसला होता. तो तिला दिसला नाही, आणि त्याच्याआधी तिने मला त्याच्यापेक्षा धाकट्या माणसाच्या हातात दिले. म्हातारा रात्री जेवून उठला. सकाळी मात्र तो आपली माणसे आणि घोडी घेऊन घरी निघून गेला. दरबारात अशी धावपळ उडाली की जणू शत्रूच चालून आला. शेवटी हेरविन मला घेऊन त्याच्या गावी गेली, आणि त्याच्या अंगणात कोंबड्यांच्या घोळक्यात उभी राहून तिने सगळ्यांदेखत पहिला घोट त्याला दिला. म्हाताऱ्याच्या एकुलत्या डोळ्यातून पाणी आले. एका घोटासाठी! मध तर त्याच्या घरीही होता, मधमाश्यांची पोळी टांगलेली मी स्वतः पाहिली.

दुसरी गोष्ट शपथेची. मला हातात धरून माणूस जे बोलेल ते त्याला करावेच लागे. एकदा एका तरुण सरदाराने भरल्या दरबारात मला उंच धरले आणि दलदलीतला रानडुक्कर आपण एकटे मारून आणू असे सांगितले. सकाळी शुद्धीवर आल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळले आणि तो पांढराफटक पडला. पण गेला. डुकराने त्याची मांडी फाडली. तो लंगडत परत आला तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. त्याला मूर्ख म्हणणारे कोणी भेटले नाही. तो गेला नसता तर मात्र त्याच्या नातवंडांनाही लोक हसले असते. हे असे का, ते मी विचारू नये हेच बरे.

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. पाहुणे माझ्या पट्टीवरून बोट फिरवायचे. हेरविन मला स्वतः पुसून ठेवायची, नोकरांवर सोडायची नाही. हळूहळू एक बदल माझ्या लक्षात आला. मला फिरवून ती परत राजाशेजारी बसली की ओस्मोड तिच्याकडे झुकून हळूच विचारायचा, "कोण कुरकुरतंय?" आणि ती सांगायची. साऱ्या दिवाणखान्यात प्रत्येकाच्या तोंडाजवळून जाऊन येणारी ती एकटीच होती. कोणाची जमीन अडली आहे, कोणाचा भाऊ पलीकडच्या राजाशी बोलतो आहे, कोणाला मुलगा झाला आहे, सगळे तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी राजाचा हुकूम निघायचा आणि सगळे म्हणायचे, राजा किती शहाणा आहे. मी पट्टीतल्या पट्टीत गोंधळायचे.

त्यांना एक मुलगी झाली. नाव टिडबर्ग, पण सगळे तिला टिडा म्हणत. दात येत होते तेव्हा तिने माझी चांदी चावली. त्या खुणा अजून आहेत आणि मला त्या फार आवडतात.

टिडा आठ वर्षांची असताना हिवाळ्यात ओस्मोड तापाने गेला. सात-आठ दिवस तो निजून होता आणि मग नव्हता. माझ्यातून पिणारे एक तोंड कमी झाले, आणि हेरविन मला पुसताना मधेच थांबू लागली.

आता आमच्या दरबारातली रीत अशी होती की राजा गेल्यावरच्या मेजवानीत विधवा राणी पहिले शिंग ज्याच्या हाती देईल तो पुढचा राजा. लिहिलेले कुठे नव्हते, पण दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेने झालेला राजा लोकांना अर्धामुर्धा वाटायचा. ओस्मोडचा धाकटा भाऊ हुनबर्ट एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला एक चुलतभाऊ होता, पैशाने तगडा आणि स्वभावाने आडदांड. सरदारांची दोन टोळकी पडली होती.

मेजवानीच्या आदल्या दिवशी हुनबर्ट बायकांच्या विणायच्या खोलीत आला. मी मागाशेजारी टांगलेले होते. इब्बा लोकर पिंजत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "नदीपलीकडचा बोटवाल्ड परत गुरं पळवायला लागलाय. या खेपेला गुराखीही मारला."

"ऐकलंय, भावजी."

"त्याचा मुलगा टिडाहून थोडाच मोठा आहे. टिडाला तिकडे देऊ. आत्ताच गेली तर तिकडेच वाढेल, तिकडचीच होईल. भांडण मिटेल."

"आत्ताच म्हणजे कधी?"

"बर्फ वितळलं की."

हेरविनच्या हातातला धागा तुटला. "आठ वर्षांची आहे ती. अजून अंथरूण ओलं करते."

"तुम्हीही लहानच होतात की. काय वाईट झालं तुमचं? राणी झालात."

"काय वाईट झालं म्हणे!" इब्बा पिंजता पिंजता म्हणाली. "वर्षभर ही पोर माझ्या कुशीत तोंड खुपसून हुंदके देत होती. तुमच्या कानांवर आलं नसेल."

"म्हातारे, तू मधे बोलू नकोस."

"मधे कुठे बोलतेय? मी आपली कोपऱ्यातून बोलतेय."

हुनबर्ट वाईट माणूस नव्हता. तो तसा असता तर मला समजायला सोपे गेले असते. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "वहिनी, उद्या शिंग त्या चुलतभावाच्या हातात गेलं तर इथे रक्ताचे पाट वाहतील. हे तुम्हालाही कळतं."

तो गेल्यावर हेरविनने तुटलेला धागा गाठ मारून जोडला. मग म्हणाली, "खरं बोलतोय तो, इब्बे. राजा तोच व्हायला हवा. त्या दुसऱ्याला दिलं तर महिन्याभरात अर्धी घरं जळतील. आणि याला दिलं तर माझी पोर जाते."

"मग त्याला अडवून धर."

"कशानं? माझ्याकडे ना सैन्य, ना तलवार."

"ते मला काय विचारतेस? मी दाई आहे. राणी तू आहेस."

हेरविन माझ्याकडे पाहू लागली. खूप वेळ पाहत राहिली. मला वाटले, माझी पट्टी काळी पडली असावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला भरले. असे भरले की आजवर कधी भरले नव्हते. मध माझ्या काठावर फुगून उभा होता, एक थेंब जास्त झाला असता तर ओघळला असता. ती पाऊल मोजून टाकत आत आली. दिवाणखान्यात आगटीतल्या लाकडांचाच काय तो आवाज होता. हुनबर्ट आणि तो चुलतभाऊ शेजारी शेजारी बसले होते. दोघांचेही हात मेजावर होते.

तिने मला हुनबर्टच्या हातात दिले.

अर्धा दिवाणखाना मेजावर मुठी आपटू लागला. उरलेला अर्धा आपल्या पायांकडे पाहू लागला. हुनबर्टने हसून मला ओठांपाशी नेले.

"थांबा, भावजी," हेरविन म्हणाली. "आधी शपथ."

"कसली शपथ?"

"राजाचं पहिलं शिंग कोरडं पितात का?"

कोणीतरी हसले. हुनबर्टने घसा साफ केला आणि मला उंच धरले. "मी या राज्याचं रक्षण करीन, आणि..."

"ते तर कराल, ते तुमचं कामच आहे. त्याला शपथ कशाला?" आता बरेच जण हसले. ती थांबली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "असं म्हणा, की टिडाच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय तिला या दारातून कुठेही पाठवणार नाही. वडिलांनी विचारलं असतं तसं काका विचारील, आणि ती 'नाही' म्हणाली तर नाही."

हसणे बंद झाले. मी हुनबर्टच्या हातात होते आणि त्या हातांना घाम सुटला होता. कोणीच मला पीत नव्हते, हे काय चालले आहे ते मला उमगेना. मला वाटले, माझ्यात मधमाशी पडली असेल. खूप वेळाने माझ्या डोक्यात उजेड पडला की त्याला मला खाली ठेवता येत नव्हते. परत हेरविनच्या हातात द्यावे तर राज्यच परत दिल्यासारखे झाले असते. शेजारी द्यावे तर शेजारी तो चुलतभाऊ बसला होता आणि त्याने हात अर्धा पुढेही केला होता. आणि राणीने शपथ मागितल्यावर तसेच घटाघटा प्यावे तर साऱ्या सरदारांनी त्याला भित्रा म्हटले असते. मधाचा एक ओघळ त्याच्या अंगठ्यावरून मनगटावर गेला.

"बोल रे बाबा," खांबाजवळून तो एकाक्ष म्हातारा सरदार ओरडला. "माझी पाळी कधी यायची? घसा सुकला माझा."

हुनबर्ट हेरविनकडे वाकून पुटपुटला, "वहिनी, हे बरं नाही केलंत."

"नसेल केलं," ती म्हणाली.

मग त्याने शपथ घेतली. एकेक शब्द तिने सांगितला तसा, मोठ्याने. आणि मला एका दमात रिकामे केले. शेजाऱ्याचा हात मेजाखाली परत गेला.

पडद्यामागे आल्यावर हेरविन पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. 

"जिंकलीस की गं, बाळे," इब्बा म्हणाली.

"कुणास ठाऊक," हेरविन म्हणाली.

हुनबर्टने शब्द पाळला. दर वसंतात तो टिडाला समोर बोलावून विचारायचा, "काय गं टिडे, जातेस का नदीपलीकडे?"

"नाही, काका."

"बरं, जा खेळ."

पुढे पुढे हा त्या दोघांचा खेळच झाला. ती लपून बसायची आणि तो राजा असूनही तिला तबेल्यात शोधत फिरायचा. इब्बा गेली तेव्हा तिच्या उशाशी हुनबर्टही होता. हेरविनवरचा त्याचा राग कधी ओसरला ते मला कळले नाही.

पण नदीपलीकडून होड्या येतच राहिल्या. गोठे जळत होते. इकडची माणसे तिकडे जाऊन तेच करत होती. म्हातारा बोटवाल्ड मेला, त्याच्या मुलाला गादी मिळाली, तरी आग विझली नाही. बाकावरच्या जागा रिकाम्या होऊ लागल्या आणि मला फिरवायला कमी वेळ लागू लागला.

एका सकाळी अंगणात एक गवळण हेरविनच्या पुढे येऊन उभी राहिली. तिचा मुलगा आदल्या आठवड्यात नदीकाठी मारला गेला होता. मी हेरविनच्या काखेत होते.

"राणीसाहेब," ती म्हणाली, "तुमची पोर घरात आहे. माझा पोरगा मातीत आहे. मला एवढंच म्हणायचं होतं."

हेरविन दोन पावले तिच्याकडे गेली, पण ती बाई वळून चालू लागली. मागे जिन्यावर टिडा उभी होती. ती तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तिने सगळे ऐकले होते.

त्या वसंतात हुनबर्टने सवयीने विचारले, "काय गं टिडे, जातेस का?" आणि तो उत्तराआधीच हसत होता.

"हो, काका."

"बरं, जा... काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. जाते मी. पण नदीकाठची कुरणं दोघांनी वाटून घ्यायची आणि पळवलेली गुरं दोन्हीकडून परत करायची. तसं त्यांच्याकडून कबूल करून घ्या, मग मी जाते."

हुनबर्ट उभा राहिला, परत बसला, आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. तो रडत होता की काय ते मला दिसले नाही. हेरविन माझ्या पट्टीवरचा एकच डाग पुन्हा पुन्हा पुसत राहिली. तिथे डाग नव्हता.

टिडा निघाली त्या दिवशी काठावर धुके होते. हेरविनने मला फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिले.

"तुला कुणी बोललं का?" तिने विचारले. "काकांनी दटावलं?"

"नाही, आई."

"त्या बाईचं मनाला लावून घेतलंस."

"घेतलं. लावून घ्यायला नको होतं?"

हेरविनने मान हलवली. मग एकदम ती टिडाच्या खांद्यांना धरून म्हणाली, "मग मी कशासाठी भांडले गं? शेवटी तिथेच निघालीस. माझ्यासारखीच, फक्त गाडीऐवजी होडीत बसून निघालीस. सगळ्यांचा रोष घेतला मी, एवढी माणसं गेली, कशासाठी?"

टिडाने तोंड उघडले. पण नावाडी ओरडला, "बाई, ओहोटी लागली, आता निघालो नाही तर गाळात रुतू!" टिडा तिला घट्ट बिलगली आणि होडीत चढली. उत्तर तिने दिले नाही. तिच्याकडे ते नसावे. माझ्याकडेही नव्हते. मी सगळीकडे होते, पहिल्या बैलगाडीपासून, आणि तरी मला सांगता आले नसते. हेरविन काठावर उभी राहिली, मग धुक्यात दिसेनाशी झाली.

या तीरावरचा दिवाणखाना आमच्यापेक्षा लहान होता आणि धुराने जास्त काळा झालेला होता. इथल्या नव्या राजाचे, म्हणजे बोटवाल्डच्या मुलाचे, नाव टुन्ना. उंच, लुकडा, मोठ्या कानांचा. बाकांवर बसलेल्या माणसांपैकी कितीकांचे भाऊ आमच्या माणसांनी मारले होते, कोण जाणे. टिडाने मला भरले. आईने शिकवले होते तसे, काठोकाठ. ती ताठ मानेने आत गेली आणि तिने मला टुन्नाच्या पुढे केले. त्याने दोन्ही हातांनी मला धरले, पण तिचे हात सुटायच्या आतच तो बोलू लागला.

"आमच्याकडे लहानपणापासून ऐकतोय मी," तो म्हणाला. त्याचा आवाज फार मोठा नव्हता. "तुझ्या तोंडून 'हो' आल्याशिवाय तुला पाठवायचं नाही, अशी तुझ्या आईनं शपथ घेववली. माझे वडील त्यावर खूप चिडायचे. म्हणायचे, पोरीला कोण विचारतं?"

टिडाने माझ्यावरची पकड सोडली नाही.

"तू 'हो' म्हणालीस ते तुझ्या काकांना. मला कुठे म्हणालीस? मी अजून विचारलेलंच नाही."

"पी रे टुन्ना," त्याचा मामा मागून खेकसला. "लोक ताटकळलेत."

"ताटकळू देत." तो टिडाकडेच पाहत होता. "होडी अजून काठाला आहे. 'नाही' म्हणालीस तर परत जा. गुरं आणि कुरणं ठरल्याप्रमाणेच होतील, ते मी या शिंगावर हात ठेवून सांगतो. तुला इथे राहायचंय का?"

मित्रांनो, त्या वेळी मला चार हातांनी धरले होते. कोणते हात कोणाचे ते मला ओळखता येईना. टिडा घरून उत्तर ठरवून आली होती, पण हा प्रश्न तिच्या अपेक्षेत नव्हता. तिने खरोखर विचार केला. लोक कुजबुजू लागले, मामाने कपाळाला हात लावला, तरी तिने घाई केली नाही.

"हो," ती म्हणाली. "आता पी लवकर, माझे हात भरून आलेत."

दिवाणखाना हसला. टुन्ना प्याला, आणि त्याच्या मोठ्या कानांपर्यंत लाली चढली. टिडा मला परत भरायला पडद्यामागे आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिथे दुसरे कोणी नव्हते. "हे आईला सांगायला हवं," ती म्हणाली, आणि तिने तळहाताने तोंड दाबून धरले.

ते सांगितले गेले की नाही, याचा मला पत्ता नाही. लगेच नदीला पूर आला. मग हिवाळा आला. मग टिडाला मूल झाले, मग दुसरे झाले. निरोप घेऊन एक माणूस गेला होता असे मी ऐकले, आणि तो पोचला नाही असेही ऐकले. मी खुंटीवर आहे, शिंगाला कोण सांगायला येणार? माझी चीर वाढली, माझ्याजागी नवे शिंग आले, कोळ्याने माझ्या तोंडावर जाळे विणले. हेरविन अजून तिकडे आहे की नाही, किती वर्षे झाली, मला काहीच नीट धरता येत नाही.

मला खाली काढा, तेल लावा, माझी चीर मेणाने बुजवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. लावलेत तर बरे वाटेल, ते वेगळे. पण तुमच्यापैकी कोणीतरी कधी ना कधी नदीपलीकडे जाईलच, मासे पकडायला किंवा बाजाराला. काठापासून वर चढले की ओस्मोडच्या जुन्या दिवाणखान्यामागे हेरविनचे घर लागते. ती असेल तर तिच्या समोर उभे राहा. नसेल तर जिथे तिला ठेवले असेल तिथे जा आणि तिथल्या गवताला सांगा, तरी चालेल. एवढेच सांगा, की त्याने विचारले.